बॉलला हात न लावणाऱ्यांचा मास्तर

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पहाटे पाचचा अलार्म लावून उठणारी काही मंडळी पुण्या-मुंबईत आहेत. जिमसाठी नाही हं! अमेरिकेत तेव्हा रविवारची संध्याकाळ असते आणि सुपर बोल सुरू होत असतो. यातल्या काहींना हा खेळ खरोखर आवडतो. उरलेल्यांना संध्याकाळी बॉस्टनच्या क्लायंटबरोबर कॉल असतो आणि त्याची पहिली दोन मिनिटं काढायला विषय हवा असतो.

बघतात मात्र सगळे एकालाच. क्वार्टरबॅकला. तो बॉल फेकतो, पेपरात फोटो त्याचा, जाहिराती त्याच्या, पगारही सगळ्यात जास्त त्याचाच. त्याच्या पुढ्यात पाच आडदांड माणसं वाकून उभी असतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. आणि या पाच जणांना शिकवणारा एक कोच असतो, त्याचं नाव तर स्टेडियममधल्या अर्ध्या लोकांनाही सांगता येणार नाही.

आजचा विषय तोच. टीम जिंकली तर त्या कोचला किती मार्क द्यायचे? आणि हरली तर किती कापायचे? प्रश्न फुटबॉलचा आहे, पण अप्रेझलच्या सीझनमध्ये तो भलताच ओळखीचा वाटेल.

पाच जण, अडीच सेकंद

आधी थोडी ओळख. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी मैदानावर प्रत्येक टीमचे अकरा जण. त्यातले पाच म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. सेंटर बॉल मागे क्वार्टरबॅककडे देतो. त्यानंतर या पाच जणांचं एकच काम. समोरून धावत येणाऱ्यांना अडवायचं. क्वार्टरबॅकला बॉल कुठे फेकायचा हे ठरवायला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात, ती या पाच जणांनी कमावलेली असतात. ते चुकले की क्वार्टरबॅक बॉलसकट जमिनीवर. त्याला म्हणतात सॅक.

गंमत अशी, की या पाच जणांच्या नावावर ना टचडाउन, ना पास, ना यार्ड. काम नीट झालं तर काहीच घडलेलं दिसत नाही. त्यांचा नंबर लाउडस्पीकरवर ऐकू येतो तो होल्डिंगचा फाउल झाल्यावरच! सर्व्हर वर्षभर चालू ठेवणाऱ्या आयटी सपोर्टवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कोच काय करतो? पहिलं पाऊल कुठे टाकायचं, हात समोरच्याच्या छातीवर कुठे लावायचे, समोरच्यापेक्षा खाली कसं राहायचं, पलीकडच्या टीमने जागा बदलल्या तर कोणी कोणाला धरायचं. हेच परत, परत आणि परत. पाच जणांपैकी चार जणांनी अचूक काम केलं आणि एक चुकला, तरी क्वार्टरबॅक पडतोच. म्हणून पाच माणसांचा एक माणूस करणं, हा त्याचा खरा जॉब.

म्हातारा गेला, म्हातारा आला

या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव डान्टे स्कारनेकिया. १९८२ मध्ये तो न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये आला आणि मधली थोडी वर्षं सोडली तर तिथेच राहिला. टॉम ब्रेडी या सुपरस्टार क्वार्टरबॅकसमोरची भिंत त्याने बांधली. २०१३ चा सीझन संपल्यावर तो रिटायर झाला. त्याच्या जागी आला डेव्ह डीगुल्येल्मो.

पुढचा सिनेमा असा. २०१५ च्या सीझनची सेमीफायनल, म्हणजे २४ जानेवारी २०१६, डेन्वर. कान फाटतील एवढा आवाज. त्या एका मॅचमध्ये ब्रेडीला वीस वेळा धक्के बसले. डेन्वरचा व्हॉन मिलर उजव्या टॅकलला, मार्कस कॅननला, ओलांडून पुन्हा पुन्हा आत घुसत होता. बॉल देण्याआधी सेंटरचं डोकं विशिष्ट पद्धतीने हलतं, हे आम्ही हेरलं होतं, असं नंतर डेन्वरच्याच खेळाडूने सांगितलं. पेट्रियट्स १८-२० हरले. दोन पॉइंट्सनी! डीगुल्येल्मोला लगेच नारळ मिळाला आणि फेब्रुवारीत ६८ वर्षांच्या स्कारनेकियाला परत बोलावलं गेलं.

पुढच्याच सीझनला पेट्रियट्स सुपर बोल जिंकले. बदललेला कोच लोकांना दिसत होता, निकाल समोर होता. निष्कर्ष काढायला कितीसा वेळ लागतो? म्हातारा जादूगार, मधला माणूस बिनकामाचा. केस क्लोज्ड.

थांबा, बॉस. एक्सेल शीट उघडूया.

ब्रेडी किती वेळा पडला?

रेग्युलर सीझनमधले सॅक:

२०१३ (स्कारनेकिया): ४०
२०१४ (डीगुल्येल्मो): २१
२०१५ (डीगुल्येल्मो): ३८
२०१६ (स्कारनेकिया): १५, फक्त १२ मॅचमध्ये
२०१७ (स्कारनेकिया): ३५
२०१८ (स्कारनेकिया): २१

नावं झाकून हे आकडे कुणालाही दाखवा आणि जादूगार कोणता ते ओळखायला सांगा. नाही जमणार! उस्तादाच्या शेवटच्या वर्षी ४०. नवख्याच्या पहिल्या वर्षी जवळपास निम्मे, आणि वर सुपर बोलही जिंकला. तोसुद्धा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर लोगन मॅन्किन्ससारखा अनुभवी गार्ड दुसऱ्या टीमला देऊन टाकलेला असताना. उलट २०१७ मध्ये उस्ताद हजर, तरी ३५.

मग २०१५ मध्ये झालं काय? दुखापती. डावा टॅकल नेट सोल्डर ऑक्टोबरमध्येच दंडाच्या दुखापतीने सीझनबाहेर गेला. लाइनमधले चेहरे सतत बदलत राहिले, नवखी पोरं मैदानात उतरवावी लागली. २०१६ मध्ये सोल्डर परतला, आदल्या वर्षीची नवखी पोरं एक वर्षाने मोठी झाली होती, जो थूनी नावाचा नवा गार्ड आला आणि पाच जण टिकून खेळले. यात कोचचा हात किती आणि नशिबाचा किती?

शिवाय सॅक ही काही फक्त लाइनची कमाई नाही. क्वार्टरबॅकने बॉल पटकन सोडला तर सॅक कमी, धरून बसला तर जास्त. पळणारे साथीदार मोकळे झाले नाहीत तर तो फेकणार कुणाकडे? आणि ज्या २०१६ च्या लाइनचं एवढं कौतुक झालं, तिने सुपर बोलच्या फायनलमध्ये ब्रेडीला पाच वेळा पडू दिलं. टीम ३-२८ अशी मागे पडली होती. तिथून ती जिंकली म्हणून ते पाच सॅक कुणाला आठवत नाहीत, एवढंच.

व्हिलन की हीरो?

डीगुल्येल्मोची गोष्ट इथेच संपत नाही. २०१८ मध्ये तो इंडियानापोलिस कोल्ट्सचा लाइन कोच होता. आदल्या वर्षी या टीमने अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त, ५६ सॅक खाल्ले होते. त्याच्या वर्षी किती? १८. लीगमध्ये सगळ्यात कमी!

म्हणजे तो अचानक हुशार झाला का? क्रेडिट द्यायला निघालात तर रांग मोठी आहे. खांद्याच्या दुखापतीतून बरा होऊन अँड्र्यू लक हा त्यांचा मूळ क्वार्टरबॅक परत आला होता. क्वेंटन नेल्सन नावाचा गार्ड ड्राफ्टमध्ये सहाव्या नंबरवर उचलला होता, तो पहिल्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम गार्डमध्ये गणला गेला. हेड कोच नवा, प्लॅन नवा.

आणि बक्षीस? जानेवारी २०१९ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. ज्याच्या नावावर तो इथे आला होता, तो होऊ घातलेला हेड कोच ऐनवेळी नोकरी नाकारून गेला होता. त्याच्याऐवजी आलेल्या हेड कोचला हा कोच वारशात मिळाला होता, आणि सीझन संपल्यावर त्याने दुसरा निवडला. बॉस बदलल्यावर चांगला रिपोर्ट असूनही डेस्क रिकामं करणारा मित्र आठवला ना?

एकाच माणसाला वाईट आकड्यानंतर काढलं आणि लीगमधल्या बेस्ट आकड्यानंतरही काढलं. वर्षाच्या आकड्यावरून लाइन कोच जोखता येत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठे मिळणार?

मग बघायचं काय?

याचा अर्थ कोचने काही फरक पडत नाही, असा काढू नका. फरक पडतो. फक्त तो टीमच्या आकड्यात न शोधता माणसांत शोधावा लागतो.

मार्कस कॅननच घ्या. डेन्वरच्या त्या रात्री सगळ्या देशासमोर त्याची शोभा झाली होती. तो टीमबाहेर जाईल, असं बोललं जात होतं. २०१६ मध्ये तोच माणूस, तीच टीम, तीच जागा. बदललेली मोठी गोष्ट म्हणजे कोच. सीझनअखेर तो लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, ऑल-प्रोच्या दुसऱ्या टीममध्ये होता. मेहनत त्याची, हे आधी मान्य. पण असं एकदाच झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं.

स्टीफन नील हा कुस्तीगीर. १९९९ चा फ्रीस्टाइलमधला वर्ल्ड चॅम्पियन. कॉलेजमध्ये फुटबॉल खेळलाच नव्हता. २००१ मध्ये पेट्रियट्सकडे आला. स्कारनेकियाच्या हाताखाली तो गार्ड झाला, २००४ च्या सुपर बोल जिंकणाऱ्या लाइनमध्ये उभा राहिला आणि २०१० पर्यंत टिकला. कुस्तीतला तोल आणि हातांची ताकद त्याच्याकडे होतीच. ती ओळखून दुसऱ्या खेळात बसवायला शिकवणारा कुणीतरी लागतो.

तिकडे फिलाडेल्फिया ईगल्समध्ये जेफ स्टाउटलँड. २०१३ मध्ये आला आणि त्याच्या डोक्यावरचे तीन हेड कोच झाले, तरी तो लाइन सांभाळत राहिला. २०१८ मध्ये टीमने त्याच्या हाती सोपवला सिडनीचा जॉर्डन मायलाटा. उंची ६ फूट ८ इंच, रग्बी खेळलेला, अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच न खेळलेला. पहिली दोन वर्षं तो एकाही मॅचमध्ये उतरला नाही. २०२१ मध्ये तो डावा टॅकल झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल विजेता. टीव्हीवर खेळाडू स्वतःची ओळख करून देताना कॉलेजचं नाव सांगतात. मायलाटाला कॉलेजच नव्हतं. त्याने सांगितलं: जेफ स्टाउटलँड युनिव्हर्सिटी!

सही ना? पण दुसरी बाजूही बघा. मायलाटाने ज्याला मागे टाकून जागा मिळवली तो आंद्रे डिलार्ड, २०१९ च्या ड्राफ्टच्या पहिल्याच राउंडमध्ये निवडलेला. कोच तोच, मैदान तेच, ड्रिल तेच. त्याचं नाही जमलं. म्हणजे मास्तर कितीही मोठा असला तरी शेवटी शिकणारा शिकतो. क्रेडिट अर्ध्यात तोडायला इथे सुरी मिळत नाही.

हिशेब

तर किती मार्क? माझा हिशेब असा: दंतकथेत मिळतात त्यापेक्षा कमी, स्कोअरबोर्डवर दिसतात त्यापेक्षा जास्त. एका वर्षाच्या यशापयशासाठी कोचला उचलून धरणं किंवा हाकलणं हे बरंचसं नशिबाचं बिल त्याच्या नावावर फाडणं आहे. पण एकामागून एक, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली साधी माणसं एकाच्याच हाताखाली सुधारत गेली, तर ते नशीब नाही. ते काम आहे.

बाजाराला मात्र हे दिसत नाही. पेट्रियट्सची लाइन गाजली आणि २०१८ मध्ये सोल्डरला न्यूयॉर्कने ६.२ कोटी डॉलरचा करार दिला. त्याच्या जागी आलेला ट्रेंट ब्राउन एकच सीझन स्कारनेकियाकडे राहिला. त्या सीझनच्या तीन प्लेऑफ मॅचमध्ये ब्रेडी फक्त एकदा पडला, टीम सुपर बोल जिंकली आणि २०१९ मध्ये ब्राउनला ओकलंडने ६.६ कोटी डॉलर देऊ केले. शिकवणारा होता तिथेच राहिला. २०२० मध्ये तो कायमचा रिटायर झाला, तेव्हा त्याच्या बोटांत पाच सुपर बोलच्या अंगठ्या होत्या. २०२३ मध्ये पेट्रियट्सने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

आता तुमच्या ऑफिसकडे या. तुमच्या टीम लीडचं अप्रेझल तिमाहीच्या टार्गेटवर होतं, तुमचंही. एखादा मोठा क्लायंट निघून गेला तर सगळ्यांची वाट, मिळाला तर सगळे जीनियस. त्याऐवजी एकच प्रश्न विचारून बघा: गेल्या तीन वर्षांत या माणसाच्या हाताखाली कोण कसं आलं आणि कसं बाहेर पडलं? उत्तर एचआरच्या फॉर्ममध्ये नसेल. ते तुम्हाला माहीत असतं. पहिल्या प्रेझेंटेशनला थरथरणारी मुलगी आज क्लायंटला एकटी हँडल करते, हे तुम्ही बघितलेलं असतं.

आणि पुढच्या फेब्रुवारीत पहाटे पाचला उठलातच, तर एक मॅच अशी बघा: बॉल सोडून द्या, मधले पाच जण बघा. संध्याकाळच्या कॉलवर क्लायंट क्वार्टरबॅकचं कौतुक सुरू करेल. तुम्ही शांतपणे विचारा, "आणि लाइन कोच कोण आहे हो त्यांचा?"

दोन मिनिटांचा विषय वीस मिनिटं चालेल. मीटिंगचा अजेंडा गेला तेल लावत!