पऱ्हे टाकणाऱ्या हातांनी भाजीचे रोप

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तरी बांध्या त्याच राहिल्या, मालगुजारीच्या काळातले मामा तलाव तेच राहिले आणि रोवणीला वाकणाऱ्या बायाही त्याच राहिल्या. आपल्या समाजातील कितीतरी बहिणींचा सारा पावसाळा दुसऱ्याच्या बांधीत जातो. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, चिखलात उभे राहून रोवायचे. जिथे इटियाडोहचे पाणी पोचते तिथे उन्हाळी धानासाठी हेच काम पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत निघते. कोणता पऱ्हा जोमाचा, कोणता पिवळा पडला, किती दिवसांचा झाला म्हणजे उपटावा, हे या बहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांची बोटेच ते ओळखतात.

आणि हीच बहीण मार्च-एप्रिलमध्ये आठवडी बाजारात पाव किलो वांग्यांसाठी घासाघीस करीत उभी असते. धानाचे काम संपलेले, मजुरी आटलेली, मोहफुले आणि पुढे तेंदूपत्ता यांवर घर चालायचे, आणि नेमक्या त्याच दिवसांत भाजी महाग. मग ताटात भात आणि पातळ वरण, नाहीतर भात आणि चटणी. लेकरांच्या वाट्याला हिरवे असे काही येतच नाही. दुसऱ्याचे रोप वाढविणारे हात आपल्या परसात मात्र रोप का लावीत नाहीत, हा प्रश्न आम्हांला नेहमी पडतो. विचारले की दोनच उत्तरे मिळतात. एक, "आमच्याकडे रोप जगत नाही." दुसरे, "जागा कुठे आहे?" या दोन्ही उत्तरांचा विचार येथे करू.

धानाचा नियम भाजीला लागत नाही

रोप का जगत नाही? बहुतेक ठिकाणी कारण एकच सापडते. आपल्या हाताला धानाची सवय आहे. धानाचा पऱ्हा पाण्यात उभा राहतो, कारण धानाच्या काडीतून वरची हवा मुळापर्यंत पोचते. वांगे, टोमॅटो, मिरची यांना ती सोय नाही. त्यांच्या मुळांना मातीच्या कणांमधली हवा लागते. माती सतत भिजलेली राहिली की हवा निघून जाते आणि मूळ गुदमरते.

दुसरे संकट त्याहून मोठे आहे. मातीत काही बुरशी असतात. दाट पेरलेले बी, ओली माती आणि कोंदट हवा मिळाली की त्या जोर करतात. आज हिरवेगार दिसणारे रोप उद्या जमिनीलगत पाणचट होते, देठ दोऱ्यासारखा बारीक पडतो आणि रोप आडवे होते. दोन-तीन दिवसांत अर्धा वाफा रिकामा. यालाच रोपांची मर किंवा रोप कोलमडणे म्हणतात. पडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. म्हणून इलाज आधीच करायचा असतो.

नजर आणि विटाळ

येथे आम्हांला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. वाफा असा एका रात्रीत बसला की घरात दोन गोष्टी निघतात. कोणी म्हणते नजर लागली. कोणी म्हणते, पाळीतल्या बाईचा हात लागला, विटाळ झाला, म्हणून रोप जळाले. काही घरांत तर त्या चार दिवसांत मुलीला वाडीत पाऊलही ठेवू देत नाहीत.

भगिनींनो, विटाळ या शब्दाने आपल्या आजोबा-पणजोबांचे काय केले हे आपल्याला ठाऊक आहे. तोच शब्द आपण आपल्याच लेकीला लावावा काय? बुरशीला पाणी लागते, ओल लागते, दाटी लागते. तिला बाईची पाळी कळत नाही. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी दोन वाफे करावेत. एकाला रोज संध्याकाळी भरपूर पाणी द्यावे, दुसऱ्याला सकाळी बेताचे. त्या चार दिवसांत दुसऱ्या वाफ्याची देखभाल मुलीकडेच सोपवावी. कोणता वाफा जगतो ते डोळ्यांनी पाहावे आणि मग बोलावे.

वाफा कसा करावा

आपल्याकडे सिहार, मोरंड, कन्हार, बर्डी अशा जमिनी आहेत. धानासाठी चिखलणी केलेली माती वाळली की दगडासारखी घट्ट होते. तशी माती रोपाला चालत नाही. वाडीतली भुसभुशीत माती घ्यावी, तिच्यात तेवढेच चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. गोंदियाला भातगिरण्या पुष्कळ, त्यामुळे धानाचे तूस सहज मिळते. ते जाळून काळे केलेले थोडे तूस मातीत मिसळले तर माती मोकळी राहते आणि पाणी साचत नाही. कच्चे शेण मात्र घालू नये. त्याने उष्णता होते आणि हुमणीसारख्या अळ्या येतात.

शेतासाठी ३ मीटर लांब, १ मीटर रुंद गादीवाफा करतात. घरापुरती भाजी हवी असेल तर १ मीटर लांब-रुंद वाफाही पुरतो. महत्त्वाची आहे ती उंची. वाफा जमिनीपासून १५ सें.मी., म्हणजे वीतभराला थोडा कमी, उंच हवा. धानाच्या बांधीला आपण धुरा घालून पाणी अडवितो. येथे उलट करायचे, पाणी निघून जाईल असे पाहायचे.

बी फेकून पेरू नये. बोटाने १० सें.मी. अंतरावर रेघा ओढाव्यात, रेघ अर्ध्या पेराइतकी खोल, म्हणजे सुमारे १ सें.मी. त्यात बी विरळ टाकून बारीक खताने झाकावे. वर तणसाचा पातळ थर पसरावा. झारीने पाणी द्यावे. झारी नसेल तर डब्याला खिळ्याने बारीक भोके पाडावीत. मुंग्या बी ओढून नेतात, म्हणून वाफ्याच्या कडेने चुलीतली राख टाकावी.

टोमॅटो आठवडाभरात उगवतो, वांग्याला आठ-दहा दिवस लागतात, मिरची दहा-बारा दिवस घेते. थंडी असली तर आणखी उशीर होतो, म्हणून घाबरून माती उकरून पाहू नये. पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी तणस काढून टाकावे. एक दिवस जरी उशीर झाला तरी कोंब खालीच लांबतात, पिवळे पडतात आणि मग कोलमडतात.

यापुढे पाणी सकाळीच द्यावे. वरची माती सुकलेली दिसली आणि बोट रोवल्यावर आतही ओल कमी लागली, तरच द्यावे. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पानांवर आणि मातीवर राहते व बुरशीला ते फावते. रोपे दाट झाली असतील तर मधली कमजोर रोपे नखाने खुडावीत. मन घट्ट करून हे काम केलेच पाहिजे.

ट्रायकोडर्मा नावाची उपकारक बुरशी भुकटीच्या रूपात मिळते. ती शेणखतात मिसळून वाफ्यात घातली तर मर पुष्कळ टळते. गोंदियाजवळ हिवरा येथे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे अशा गोष्टींची विचारपूस करावी. मर सुरू झालीच तर पाणी थांबवावे, पडलेली रोपे मातीसकट उचलून दूर टाकावीत आणि १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून ते राहिलेल्या रोपांच्या मुळाशी झारीने द्यावे. हे औषध आणि रंग लावलेले पाकिटातले बी लेकरांच्या हाती लागू देऊ नये. हात साबणाने धुवावेत.

कोणते बी केव्हा

वसंतात सगळीच भाजी साधते असे नाही. टोमॅटो, ज्याला आपल्याकडची जुनी माणसे भेदरे म्हणतात, तो जानेवारीतच टाकलेला बरा. पारा ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की त्याची फुले गळतात, फळ धरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्याही पुढे जातो. वांगे आणि मिरची त्यापेक्षा सोशिक. त्यांचे बी फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत टाकता येते.

भेंडी, चवळी, गवार यांचे रोप करू नये, बी जागेवरच टोचावे. फेब्रुवारीच्या मध्याला लावलेल्या भेंडीची तोड सुमारे ५० दिवसांत सुरू होते, म्हणजे १४ एप्रिलच्या पंगतीला घरची भेंडी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला टाकलेले वांगे वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास तोडीला येते. आपले सण डोळ्यांपुढे ठेवून पेरणीचे दिवस मोजले तर ते लक्षात राहतात.

लवकी, दोडका, कारले, काकडी यांची गोष्ट वेगळी. यांचे मूळ एकदा दुखावले की वेल मागे पडतो. त्यासाठी लोक प्लॅस्टिकच्या पिशव्या आणतात. आपल्या दारी पळस आहे. पळसाच्या पानांचे खोल द्रोण करावेत, तळाला एक भोक पाडावे, माती-खत भरून प्रत्येकात दोन बिया टोचाव्यात. कारल्याचे बी कठीण कवचाचे, ते आदल्या रात्री पाण्यात भिजवावे. दोन-तीन पाने फुटली की द्रोणासकट आळ्यात ठेवावे. पान मातीत कुजून जाते, मुळाला धक्का बसत नाही आणि खर्चही नाही. कोवळ्या वेलांवर लाल भुंगेरे आले तर सकाळी दव असताना पानांवर राख भुरभुरावी.

सावलीतून उन्हात

टोमॅटोचे रोप साधारण चार आठवड्यांत, वांग्याचे पाच आठवड्यांत आणि मिरचीचे पाच-सहा आठवड्यांत लावण्याजोगे होते. त्या आधी त्याला बाहेरची सवय करावी लागते. लावणीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करीत जावे, दुपारचे आच्छादन थोडे थोडे काढावे. लाडात वाढलेले रोप मार्चच्या उन्हात एका दिवसात माना टाकते. वाफ्यावर कामट्या रोवून दाट विणीची नायलॉनची जाळी टाकली तर पांढरी माशी आणि फुलकिडे दूर राहतात. पाने आखडण्याचा रोग, ज्याला चुरडा-मुरडा म्हणतात, तो याच किड्यांमुळे वाढतो.

लावणी संध्याकाळी करावी. आधी वाफा भिजवावा, म्हणजे मुळे तुटत नाहीत. पऱ्हे उपटताना आपण मूठभर एकदम ओढतो. भाजीचे रोप एकेक करून, खालून माती उचकटून काढावे. वांग्याला दोन फूट अंतर द्यावे, मिरचीला दीड फूट. लावल्यावर बुडाशी तणस पसरावे. ओल टिकते, तण उगवत नाही आणि पाणी निम्म्यावर भागते.

जागा कुठे आहे?

आता दुसरे उत्तर. वांग्याची दहा-बारा आणि मिरचीची पंधरा-वीस झाडे एका घराला पुष्कळ होतात. वांग्याच्या एका ग्रॅम बियांतच दोनशेच्या वर दाणे असतात. म्हणजे दहा ग्रॅमचे पाकीट एका घराचे नसून एका मोहल्ल्याचे आहे. पाच-सात घरांनी मिळून एक पाकीट घ्यावे, एकाच्या वाडीत रोप करावे आणि वाटून घ्यावे. ज्यांना वाडीच नाही त्यांनी फुटके घमेले, जुनी टोपली, तेलाचा डबा वापरावा. बुडाला भोके मात्र हवीत. शक्यतो सुधारित किंवा गावरान वाणाचे बी घ्यावे. त्याचे एक चांगले फळ झाडावर पिवळे होईपर्यंत ठेवले, बी धुऊन सावलीत वाळविले, तर पुढच्या वर्षी दुकानाची पायरी चढावी लागत नाही. संकरित वाणाचे बी असे धरू नये, त्याची पुढची पिढी सारखी निघत नाही.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर इंग्रजीत प्रबंध लिहिला होता. जमीन लहान की मोठी यावरच शेती परवडते की नाही हे ठरत नाही, तिच्यावर भांडवल आणि श्रम किती प्रमाणात लागतात हेही पाहिले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळविला पाहिजे, असेही त्यांनी त्यातच सांगितले. म्हणून आम्ही कोणाला खोटी आशा लावीत नाही. परसातल्या वाफ्याने भूमिहीनाला जमीन मिळत नाही, मजुरीचा दरही वाढत नाही. ती लढाई वेगळी आहे आणि ती चालूच ठेवली पाहिजे. परंतु एप्रिल-मेच्या दोन महिन्यांत लेकरांच्या ताटात रोज एक भाजी येऊ शकते आणि बाजाराच्या दिवशी पदराच्या गाठीतले चार पैसे वाचू शकतात. त्या पैशांची वही होते, पेन होतो.

पहाटे उठून दुसऱ्याच्या बांधीत जाण्यापूर्वी दहा मिनिटे आपल्या वाफ्यापाशी बसावे. मातीत बोट रोवून ओल पाहावी. मुलीला सोबत बसवावे, महिन्यातले सगळे दिवस बसवावे. पऱ्हे ओळखणाऱ्या बोटांना भाजीचे रोप ओळखायला फार दिवस लागणार नाहीत.