आठशे तासांचा हिशेब

पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं मिळालं पाहिजे, असं शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगते. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पट साठपर्यंत असेल तर शिक्षक दोन, हेही तीच अनुसूची सांगते. नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात वाड्या-तांड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा साधारण याच मापाच्या. वर्ग पाच, शिक्षक दोन. दोघांचे मिळून १,६०० तास पाच वर्गांत वाटले, की एका वर्गाच्या वाट्याला येतात ३२०. उरलेले ४८० तास मूल शाळेतच असतं, पण सर दुसऱ्या वर्गाकडे तोंड करून उभे असतात. डी.एड.च्या पुस्तकात याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. पारावर बसून 'मास्तरला काय काम असतंय' म्हणणाऱ्यांनी एकदा तिसरी, चौथी आणि पाचवी एका खोलीत सांभाळून बघावी.

तिसरीची वजाबाकीच घ्या. फळ्यावर ३२ वजा १७. एका पोरानं झटक्यात २५ लिहिलं. नवखा शिक्षक 'चूक' म्हणून फुली मारेल. मुरलेल्याला लगेच कळतं की यानं तीनातून एक काढला आणि सातातून दोन. लहानातून मोठा जात नाही, म्हणून मोठ्यातून लहान काढून मोकळा झाला. म्हणजे पोरगं विचार करतंय, फक्त वाट चुकलंय. मग काड्या बाहेर निघतात. दहा-दहाचे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या. 'सात दे मला.' दोनच आहेत. पोरगं सरांकडं बघतं, काड्यांकडं बघतं. गठ्ठ्याचं रबर काढायला हात जातो आणि थांबतो, कारण गठ्ठा सोडायचा नसतो असं त्याला पहिलीपासून वाटत आलेलं असतं. तो गठ्ठा त्यानं स्वतः सोडला पाहिजे. सरांनी सोडून दिला तर उद्या पुन्हा २५ येणार.

नेमका याच वेळी पाचवीतून आवाज येतो, 'सर, ह्यो मला मारायलाय!' ते मिटतं न मिटतं तोच खिशातला फोन वाजतो. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर निरोप: माहिती तातडीने, आजच्या आज. आधार जुळलेली मुलं किती, यू-डायसच्या शाळा-नोंदीत वर्गखोल्या किती. कालही हीच माहिती दिलेली असते, फक्त रकाने वेगळे. शाळेत लिपिक नाही, शिपाई नाही. मुख्याध्यापक म्हणजे दोघांतला जो ज्येष्ठ तो.

कायद्याचं कलम २७ शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बाहेरची कामं लावू देतं. वाचताना ही यादी आटोपशीर वाटते. पण मतदार यादीचं काम एकदा बीएलओ म्हणून गळ्यात पडलं की ते मतदानाच्या दिवशी संपत नाही. नावं वाढवणं, वगळणं, घरोघरी जाणं वर्षभर चालूच. ऑनलाइन माहिती तर 'शैक्षणिक'च धरली जाते, त्यामुळं तिला कलमाचा अडसर नाही. माझ्या मते खरी चोरी इथं होते. कुणी पैसे खात नाही, तास खातात.

खिचडीचं काम मात्र मी या रडगाण्यात धरणार नाही. पाचवीपर्यंतच्या मुलामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं असं माप आहे. ५८ पोरं हजर असतील तर ५ किलो ८०० ग्रॅम तांदूळ मोजायचा, शिजल्यावर मुलांच्या आधी चव बघायची, नोंद करायची. वेळ जातो, खरंय. पण सकाळी नुसता चहा पिऊन आलेलं पोर दुपारनंतर कसं बोलायला लागतं, हे पाहिलेला शिक्षक या कामावर सहसा कुरकुर करत नाही.

बंजारा तांड्यावरच्या शाळेत पहिलीचे दोन-तीन महिने वेगळेच जातात. घरी गोरमाटी, पुस्तकात मराठी. पोरगं गप्प बसलं म्हणून त्याला 'मठ्ठ' ठरवणारे शिक्षक आजही आहेत, आणि पाचवीतल्या तांड्यावरच्याच पोरीला दुभाषी करून शेजारी बसवणारेही आहेत. या दुसऱ्या शिक्षकांचा दिवाळीपर्यंत अर्धा डोंगर चढून झालेला असतो.

आनंद कसले, असं विचाराल तर ते फार किरकोळ आहेत. माघात कुणी हरभऱ्याचे ढाळे आणून टेबलावर टाकतं. फळा पुसायचा मान कुणाचा, यावरून रोज भांडण होतं. आणि वाचन! ते महिनोन्महिने येत नाही आणि मग एका आठवड्यात येतं. अक्षरं येतात, काने-मात्रे येतात, तरी शब्द काही जुळत नाही. एक दिवस तेच पोर रस्त्यावर थांबलेल्या एसटीची पाटी मोठ्यानं वाचतं, 'ह-द-गा-व... हदगाव!' आणि मग दिसेल ते वाचत सुटतं: खताची पिशवी, बिस्किटाचा पुडा, निवडणुकीची भिंत. घरचे वैतागतात. शिक्षक त्या दिवशी उगाच जरा ताठ चालतो.

सगळेच शिक्षक असे नसतात. नांदेडहून साठ-पासष्ट किलोमीटर रोजचं अपडाऊन करणारे, घड्याळ बघून खडू ठेवणारेही आहेत, आणि गावाला ते बरोबर माहीत असतात. पण गाव त्यांना विचारत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. बैठकीत बोलणं होतं ते कुंपणाचं आणि गळक्या पत्र्याचं.

दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो आणि पट कागदावरच उरतो. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे घरातले जेवढे हात तेवढा पैसा. थोरली पोरगी वेचायला, धाकटी पाळण्यातल्या भावापाशी. मग सर मोटरसायकल काढून बांधावर जातात.

'ताई, पोरीला धाडा शाळंत.'

'धाडते की सर. येवढी वेचणी होऊ द्या.'

'तवर ती समदं इसरंल.'

'मग सकाळच्याला धाडते. खिचडी झाली की सोडा तिला.'

सर हो म्हणतात. नियमात हे बसत नाही. दिवसाची हजेरी मांडायची की नाही, हा प्रश्न उद्यावर. दुसऱ्या दिवशी पोरगी दहाला येते, कडेवर भावाला घेऊन. काड्यांचा एक गठ्ठा त्याच्या हातात खेळायला दिला जातो आणि उरलेल्या दोन गठ्ठ्यांवर तिसरीची वजाबाकी पुढं चालू होते.