परदेशात गाडी चालवायची असेल तर

आमच्या देवबागला रस्ता एकच आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड, घरे व हा रस्ता. समोरून पर्यटकांची गाडी आली की दोघांपैकी एकाला मागे घ्यावीच लागते. या रस्त्यावर हात बसलेली माणसे आता दुबईच्या शेख झायेद रस्त्यावर, सौदीच्या महामार्गावर गाडी चालवू लागली आहेत. उर्दूत आपण खलीज म्हणतो आणि मराठीत आखात. शब्द कोणताही वापरा, कोकणातल्या मुस्लीम घराचा एक पाय तिकडे असतोच. पूर्वी फक्त कमावता मुलगा जात असे. आता अम्मी-अब्बा महिना-दोन महिने राहून येतात, सून मुलांना घेऊन सुट्टीत जाते, उमऱ्याला गेलेले कुटुंब मक्का-मदिना प्रवासासाठी भाड्याची गाडी घेते. मग प्रश्न येतो, आपले इथले लायसन्स तिकडे चालते का?

त्याचे उत्तर आंतरराष्ट्रीय वाहन परवान्यापासून सुरू होते. लोक त्याला नुसते ‘परमिट’ म्हणतात. त्याच्या नावामुळे बराच गैरसमज होतो. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हटले की जगात कुठेही चालणारे मोठे लायसन्स, असे वाटते. दोन भाषा शिकवणारी शिक्षिका म्हणून मी पालकांना सांगते की हा तुमच्या मूळ लायसन्सचा सरकारी तर्जुमा आहे. ‘या व्यक्तीला आमच्या देशात अमुक वाहन चालवण्याची परवानगी आहे’ हे परदेशी पोलिसाला समजेल अशा ठरलेल्या नमुन्यात आणि अनेक भाषांत लिहून दिलेले असते. मूळ मजकूर हातात नसेल तर तर्जुम्याला किंमत नाही. म्हणून परदेशात परमिट आणि लायसन्स दोन्ही जवळ ठेवावी लागतात. एक घरी ठेवून दुसरे नेले तर दोन्ही असून नसल्यासारखी.

हे परमिट 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिले जाते. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर परमिटही त्याच दिवशी संपते. करारामुळेच काही गमतीही होतात. जपान 1949 च्या करारातलेच परमिट मानतो, त्यामुळे आपले तिथे चालते. व्हिएतनाम मात्र 1968 च्या व्हिएन्ना करारातले परमिट मानतो, तिथे आपले चालत नाही. चीन तर कोणतेच मानत नाही. ब्रिटनमध्ये पाहुण्याला भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते. तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या वाहतूक खात्याचा नियम पाहावा. शेजारच्या घरातला कोणी मागच्या वर्षी चालवून आला, हा पुरावा धरू नये.

काढायचे कसे? आपल्या जिल्ह्याचे परिवहन कार्यालय ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत आहे. अर्ज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर करता येतो. लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख घातली की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. इथेच बरेच जण अडतात, कारण लायसन्स काढताना दिलेला नंबर कधीच बंद झालेला असतो. तो आधी बदलून घ्यावा. लायसन्स, पासपोर्ट, फोटो आणि 1000 रुपये शुल्क एवढे लागते. पूर्वी वैद्यकीय दाखला आणि व्हिसाही मागत. जानेवारी 2021 च्या अधिसूचनेने ती अट काढली, कारण अनेक देशांत व्हिसा उतरल्यावरच मिळतो. त्याच अधिसूचनेने आणखी एक सोय झाली. परदेशात असताना परमिट संपले तर तिथल्या भारतीय दूतावासामार्फत नवे मागता येते. ऑगस्ट 2022 पासून देशभर एकच नमुना असून त्यावर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की परमिट कोणत्या लायसन्सशी जोडलेले आहे ते कळते.

आपल्या घरांत खरी अडचण येते ती नावाची. शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, लायसन्सवर ‘मोहमद’, पासपोर्टवर नुसते ‘मोहद’. कुठे आडनाव आहे, कुठे गावाचे नाव आडनावाच्या जागी बसले आहे. बहिणींचे तर विचारूच नका. लायसन्स माहेरच्या नावावर, पासपोर्ट लग्नानंतरच्या. शाळेत दाखले लिहिताना एका अक्षरासाठी आम्ही पालकांना परत पाठवतो तेव्हा ते चिडतात, पण त्या एका अक्षराची किंमत पुढे अशी मोजावी लागते. परमिट, लायसन्स, पासपोर्ट आणि भाडेकराराचे क्रेडिट कार्ड या चारही ठिकाणी एकच माणूस दिसला पाहिजे. नावाची दुरुस्ती प्रवासाच्या आदल्या आठवड्यात होत नाही. सुट्टीच्या दोन-तीन महिने आधीच ती हाती घ्यावी.

लायसन्सची मुदतही पाहावी. सप्टेंबर 2019 नंतरच्या नियमांनुसार तिशीच्या आत काढलेले लायसन्स वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते, तीस ते पन्नास या वयात दहा वर्षे, पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षे. आखातात राहणाऱ्या मुलांचे भारतीय लायसन्स तिकडे असतानाच संपते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. ईदला घरी आला की अब्बांची गाडी काढून मालवणला निघाला. खिशात दुबईचे लायसन्स असते, पण इथले मेलेले. मुदत संपून वर्ष उलटले असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मागच्या वर्षी शाळेत एक पालक विचारत होते, “बाई, ह्या परमिटार दुबयत ड्रायव्हरची नोकरी गावतली मां?” त्यांचा मुलगा तारकर्लीला पर्यटकांची गाडी चालवतो. कोणा एजंटाने त्यांना तसे सांगितले होते. नाही गावतली. परमिट पाहुण्यासाठी असते. संयुक्त अरब अमिरातीत भेटीच्या व्हिसावर गेलेला भारतीय या परमिटवर गाडी चालवू शकतो. पण राहण्याचा व्हिसा लागला, म्हणजे माणूस तिथला रहिवासी झाला, की त्याला तिथलेच लायसन्स काढावे लागते. सौदीतही रहिवाशाला सौदी लायसन्स लागते. कुवेतमध्ये तर परदेशी माणसाला लायसन्स मिळण्यासाठी पगाराच्या आणि शिक्षणाच्या अटी आहेत. त्या लायसन्सचा खर्च आणि वेळ कोण सोसणार, मालक की कामगार, हे नोकरीच्या करारात लिहून घ्यायला हवे. ‘परमिट काढून देतो, नोकरी पक्की’ म्हणणारा एजंट 1000 रुपयांचे काम दाखवून हजारो रुपये घेतो. इंटरनेटवर ‘इंटरनॅशनल लायसन्स’ म्हणून छापील कार्डे विकणाऱ्या कंपन्याही आहेत. काही तर दहा वर्षांची मुदत लिहून देतात. एक वर्षापुढचे भारतीय परमिट कोणी देत असेल तर ते खोटे, एवढी खूण पुरेशी आहे.

नियम मोडून गाडी चालवली तर दंड होईल, भरू, असे तरुण मुले म्हणतात. दंडाचे सोडा, खरा घात विम्यात आहे. त्या व्यक्तीला त्या देशात ते वाहन चालवण्याचा अधिकारच नसेल तर विमा कंपनी हात वर करू शकते किंवा दिलेली रक्कम चालकाकडून वसूल करू शकते. अमिरातीत अपघातात कोणाचा मृत्यू झाला तर दियत, म्हणजे वारसांना द्यायची भरपाई, 2 लाख दिर्‍हम ठरलेली आहे. विमा लागू असेल तर तो भार कंपनी उचलते. नसेल तर तो त्या माणसावर आणि मागे राहिलेल्या घरावर येतो. घरातल्या बायकांनी हा हिशेब समजून घ्यावा, कारण शेवटी गहाण पडायची वेळ येते ती त्यांच्या दागिन्यांवर.

विम्याची दुसरी पाचर वाहनाच्या वर्गाची. परमिटवर ‘ए’ म्हणजे मोटारसायकल, ‘बी’ म्हणजे मोटार, असे वर्ग असतात आणि मूळ लायसन्सवर असेल तोच वर्ग मिळतो. मोटारीचे लायसन्स घेऊन थायलंडला गेलेले जोडपे तिथे स्कूटर भाड्याने घेते, तेव्हा ते परवान्याशिवायच चालवत असते. आपल्या किनाऱ्यावर गोव्याहून काळ्या पाटीच्या, पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या स्कूटर घेऊन परदेशी पाहुणे येतात. त्यांनाही आपल्या देशात हाच नियम आहे.

बहिणींसाठी थोडे वेगळे. 24 जून 2018 पासून सौदी अरेबियात स्त्रियांना गाडी चालवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे उमऱ्याला गेलेल्या कुटुंबात नवऱ्याला गाडी येत नसेल आणि बायकोला येत असेल, तर परमिट तिच्या नावाने काढावे. मक्का ते मदिना साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. रस्ता सरळ आणि उत्तम, आणि नेमकी तीच भीती, कारण उन्हात सरळ रस्त्यावर डोळा लागतो. भाडेकरारात एकाच चालकाचे नाव असेल तर दुसऱ्याने चाक धरू नये. आलटून-पालटून चालवायचे असेल तर दोघांची परमिटे काढावीत आणि दोघांची नावे करारात लिहून घ्यावीत.

आखातात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि चालक डावीकडे बसतो. पहिल्या दिवशी मोठ्या रस्त्यावर जाऊच नये. सकाळी लवकर, वस्तीतल्या रस्त्यावर तासभर सराव करावा. गोल चौकात आधीच शिरलेल्या, म्हणजे डावीकडून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते. देश एक असला तरी सवलत एक नसते. दुबईत वेगमर्यादेवर 20 किलोमीटरची मुभा आहे, अबुधाबीत ती ऑगस्ट 2018 पासून नाही. कॅमेऱ्याने टिपलेला दंड आणि दुबईतला ‘सालिक’ टोल भाड्याच्या कंपनीमार्फत नंतर तुमच्या कार्डावर येतो. अनामत लगेच परत मिळाली नाही म्हणून घाबरू नये.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी मोबाइलवर चित्रफीत काढावी, छपरासकट. अमिरातीत गाडीला साधा ओरखडा गेला तरी पोलिसांचा कागद असल्याशिवाय गॅरेजवाला दुरुस्ती करत नाही. म्हणून किरकोळ धक्का बसला तरी तिथल्या तिथे मिटवामिटवी न करता 999 वर फोन करावा आणि तो कागद भाड्याच्या कंपनीला गाडी परत देईपर्यंत जपून ठेवावा.