नवे हृदय सुरुवातीलाच थकते तेव्हा

प्रत्यारोपित हृदय पहिल्या २४ तासांत नीट पंप करेनासे झाले आणि त्याला नकार-प्रतिक्रिया, फुप्फुसातील वाढलेला दाब किंवा शस्त्रक्रियेतली गुंतागुंत असे ठोस कारण सापडले नाही, तर डॉक्टर त्याला प्राथमिक निकामीपणा म्हणतात. औषधे पुरली नाहीत की ‘एक्मो’ हे यंत्र जोडतात. जांघेतल्या शिरेतून काळपट रक्त नळीने बाहेर येते, पंपातून कृत्रिम फुप्फुसात जाते आणि लालभडक होऊन धमनीत परतते. हृदयाला सावरायला उसंत मिळते. ते सावरले तर यंत्र बहुधा काही दिवसांतच काढता येते.

पण धोके खरे आहेत. रक्तस्राव होतो, गुठळ्या होतात. धमनीतल्या जाड नळीने पायाचा रक्तपुरवठा तुटू नये म्हणून पायाकडे आणखी एक बारीक नळी घालावी लागते. उलट दिशेने येणाऱ्या रक्ताच्या दाबाने हृदयाचा डावा कप्पा फुगतो, तो रिकामा करायला कधी ‘इम्पेला’ हा चिमुकला पंप बसवतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपण केले, तेव्हा असा आधार उपलब्धच नव्हता. रुग्ण काही तासच जगला. आज यंत्र आहे, मात्र ते जोडण्याचा निर्णय वेळेत झाला पाहिजे.