सारा : एका अक्षरात बदललेलं नाव

जगभर आजही मुलींना हौसेने ठेवलं जाणारं ‘सारा’ हे नाव किती जुनं आहे, ठाऊक आहे? ते थेट बायबलच्या पहिल्या पुस्तकात, ‘उत्पत्ती’मध्ये भेटतं.

अब्राहामाच्या पत्नीचं मूळ नाव साराय. १७व्या अध्यायात देव तिला ‘सारा’ हे नाव देतो. हिब्रूत सारा म्हणजे राजकन्या, कुलीन स्त्री. साराय म्हणजे ‘माझी राजकन्या’, असा पारंपरिक अर्थ लावतात. तालमुद या ज्यू ग्रंथातलं स्पष्टीकरण मला फार आवडतं: आधी ती आपल्या लोकांपुरती राजकन्या होती, आता साऱ्या जगाची झाली!

आणि बदल किती छोटा! शेवटचं ‘योद’ अक्षर गेलं, त्याजागी ‘हे’ अक्षर आलं. योद हे हिब्रूतलं सगळ्यात लहान अक्षर, वर टेकवलेल्या स्वल्पविरामाएवढं.

नव्वदीत आई होणार हे ऐकून सारा हसली. मुलाचं नाव इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. तिचं आयुष्य १२७ वर्षांचं सांगितलं आहे. तिच्या दफनासाठी अब्राहामाने ४०० शेकेल चांदी मोजून हेब्रोनची मकपेला गुहा घेतली.

याच नावाने क्रौर्यही पाहिलं. १९३९पासून नाझी जर्मनीत ज्यू स्त्रियांवर ओळख पटवण्यासाठी ‘सारा’ हे जादा नाव लादलं गेलं.

पण नाव पुसलं गेलं नाही. आजही शुक्रवारी संध्याकाळी ज्यू घरांत लेकींना आशीर्वाद देताना पहिलं नाव येतं ते साराचंच. ❤️

तुमच्या ओळखीत कुणी सारा असेल, तर तिला ही गोष्ट नक्की सांगा.