व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा अखेरचा टप्पा

घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज बव्हंशी त्याच्या अखेरच्या टप्प्यावर ठरतो, कारण आधीचे टप्पे केवळ विद्युद्दाब वाढवतात, तर स्पीकरचा पडदा हलवण्याइतकी शक्ती याच टप्प्याला पुरवावी लागते. या कामासाठी हौशी मंडळी वापरतात तो ईएल ८४ हा पेंटोड, म्हणजे पाच विद्युदग्रांचा व्हॉल्व्ह, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही तयार होत असे.

उत्पादकाच्या तक्त्यात त्याच्या अ‍ॅनोडसाठी २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअर असे आकडे दिलेले असतात. त्यांचा गुणाकार १२ वॅट होतो, आणि अ‍ॅनोडने उष्णता सोसण्याची कमाल मर्यादाही नेमकी तेवढीच आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यात, जिथे भार उतरला की घरातला दाब २३० वरून २५० व्होल्टपर्यंत चढू शकतो, तिथे हीच जुळणी १४ वॅटच्या आसपास पोचते आणि व्हॉल्व्हचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून कॅथोडच्या वाटेत तक्त्यातला १३५ ओहमचा रेझिस्टर न घालता १८० ते २०० ओहमचा घालणे शहाणपणाचे ठरते. प्रवाह वाढू लागला की या रेझिस्टरवरचा दाब वाढतो, ग्रिड कॅथोडच्या मानाने अधिक ऋण होते आणि प्रवाह आपोआप आवरला जातो; त्यापायी स्पीकरला मिळणाऱ्या साडेपाच वॅटांतला जो थोडा अंश गमवावा लागतो, तो कानाला जेमतेम जाणवतो.

खरे कौशल्य लागते ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरला. व्हॉल्व्हला सुमारे ५,२०० ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. या दोहोंचे गुणोत्तर ६५०, म्हणून वेढ्यांचे प्रमाण त्याच्या वर्गमूळाइतके, साधारण साडेपंचवीसास एक, ठेवावे लागते. एकच व्हॉल्व्ह असलेल्या रचनेत प्राथमिक गुंडाळीतून एकदिश प्रवाह अखंड वाहत राहतो, त्याने लोखंडी गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासा होतो, आणि तुळजापूरच्या गोंधळातल्या संबळाचा घुमारा पोकळ ऐकू येतो. हे टाळण्यासाठी ई आणि आय आकाराच्या स्टॅम्पिंग पट्ट्या एकाच दिशेने रचून त्यांच्यामध्ये कागदाची बारीक फट ठेवतात. कळंब, उमरगा, परंडा अशा तालुक्याच्या गावी विहिरीवरच्या मोटारी भरून देणाऱ्या कारागिराकडून ही गुंडाळी करून घेता येईल, कारण तारेवरचा त्याचा हात बसलेला असतो. मात्र विजेच्या साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पट्ट्या उलटसुलट गुंफलेल्या असतात, त्यामुळे फटीची सूचना त्याला स्पष्ट द्यावी. प्राथमिक आणि दुय्यम गुंडाळीचे थर एकाआड एक घेतल्यास वरचे सूरही शाबूत राहतात.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे गेला, तरी मुळातच तापून चालणाऱ्या व्हॉल्व्हला त्याचे फारसे काही वाटत नाही. झळ बसते ती इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना, ज्यांचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे अंदाजे निम्मे होते. ते १०५ अंशांच्या प्रतीचे घ्यावेत आणि व्हॉल्व्हपासून लांब बसवावेत. भारनियमनानंतर वीज परतताच डायोड तत्काळ पूर्ण दाब देतात, तर ईझेड ८१ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह स्वतः तापेपर्यंत तो रोखून धरतो, म्हणून अशा भागात तोच अधिक योग्य. कपॅसिटरमधला प्राणघातक दाब यंत्र बंद केल्यावरही टिकतो, तो रिता करणारा रेझिस्टर कायम जोडलेला असावा. आणि स्पीकर न जोडता अ‍ॅम्प्लिफायर कधीही वाजवू नये, कारण भार नसलेल्या पेंटोडमुळे प्राथमिक गुंडाळीत उसळणारा दाब तिचे इन्सुलेशन फोडू शकतो.