मंदीत चर्चची मदत आटली, पण कशामुळे?

"वाईट दिवस आले की माणसं दान कमी करतात का?" असा प्रश्न संशोधन प्रस्तावात लिहून नेलात, तर मार्गदर्शक आधी विचारतील, "दान म्हणजे नेमकं काय मोजणार?" आणि लगेच पुढचं, "कमी म्हणजे कशाच्या तुलनेत? आणि कशामुळे?" आज हेच प्रश्न एका खऱ्या उदाहरणावर लावून बघूया: १९३० च्या दशकातली अमेरिकेतली महामंदी आणि तिथल्या ख्रिस्ती चर्चनी गरिबांसाठी केलेला खर्च. इतिहास किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी घाबरायचं कारण नाही, एकही समीकरण येणार नाही.

थोडी पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार होता. हजारो बँका बुडाल्या, त्यांच्याबरोबर अनेकांची शिल्लकही गेली. तोवर गरिबाला मदत करण्याचं काम मुख्यतः स्थानिक प्रशासन, धर्मादाय संस्था आणि चर्च करत. १९३३ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि 'न्यू डील' सुरू झालं. त्यात थेट मदत होती, सरकारी कामांवर रोजगार होता आणि १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदाही आला. याच वर्षांत चर्चचा धर्मादाय खर्च मात्र घटत गेला.

का घटला? दोन उत्तरं सहज सुचतात. एक, सभासदांच्याच खिशात पैसा नव्हता. दुसरं, सरकार देतंय म्हटल्यावर चर्चने हात आखडता घेतला. या दुसऱ्या शक्यतेला अर्थशास्त्रात 'क्राउडिंग आउट' म्हणतात. बाकावर एक जण ऐसपैस बसला की दुसऱ्याला सरकावं लागतं, तसं.

पहिला सापळा: रक्कम की टक्का?

अमेरिकेतल्या चर्चच्या दानाचा हिशेब ठेवणाऱ्या 'एम्प्टी टूम' या संस्थेचा एक आकडा नेहमी सांगितला जातो. १९३३ मध्ये, मंदी अगदी तळाला असताना, प्रोटेस्टंट सभासद उत्पन्नाच्या सुमारे ३.३ टक्के देत होते, आणि २००० नंतरच्या दशकात हे प्रमाण २.५ टक्क्यांच्या आसपास आलं. यावरून निष्कर्ष काढला जातो की गरिबीत माणसं जास्त उदार होती.

जरा थांबा आणि छेदाकडे बघा. समजा एक माणूस १०० डॉलर मिळवून ३ डॉलर देत होता. मंदीत त्याची कमाई ५५ वर आली आणि तो १ डॉलर ८० सेंट देऊ लागला. टक्का ३ वरून जवळजवळ ३.३ झाला, म्हणजे वाढला. रक्कम ४० टक्क्यांनी घटली. शिवाय त्या काळात किमतीही साधारण पाव हिश्श्याने उतरल्या होत्या, म्हणजे त्या १.८० डॉलरमध्ये पूर्वी २.४० ला मिळायचं तेवढं धान्य मिळत होतं. एकाच माणसाबद्दल तीन विधानं झाली आणि तिन्ही खरी आहेत. तुम्ही कोणतं मोजताय आणि का, हे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर स्पष्ट असायला हवं.

दुसरा सापळा: कारण

जोनाथन ग्रुबर आणि डॅनियल हंगरमन या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सहा मोठ्या ख्रिस्ती पंथांच्या धर्मादाय खर्चाची देशभरातली माहिती त्यांनी जमवली आणि ती त्या त्या भागातल्या न्यू डीलच्या खर्चाशी जोडली. आता सोपा मार्ग काय? जिथे सरकारी पैसा जास्त आला, तिथे चर्चचा खर्च जास्त घटला का, एवढं बघायचं आणि मोकळं व्हायचं.

पण असं करता येत नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. दुष्काळी तालुक्यात टँकर जास्त येतात आणि पिकंही जास्त जळलेली असतात. म्हणून टँकरमुळे पीक जळलं असं कोणी म्हणत नाही. दोन्हींच्या मागे दुष्काळ आहे. तसंच जिथे हाल जास्त, तिथे सरकारी मदत जास्त आणि सभासदांचं उत्पन्न कमी. मग चर्चचा खर्च मदतीमुळे घटला की हालामुळे, हे वेगळं कसं काढणार?

यावरचा उपाय म्हणजे 'इन्स्ट्रुमेंट'. सरकारी पैसा कमीजास्त होण्याचं असं एखादं कारण शोधायचं, ज्याचा स्थानिक हालअपेष्टांशी संबंध नाही. या दोघांनी घेतलं राजकीय वजन. ज्या राज्याच्या प्रतिनिधींचं अमेरिकी संसदेत वजन जास्त, त्या राज्याकडे पैसा जास्त वळतो. त्या वजनामुळे जेवढा जादा पैसा आला, तेवढ्याचाच परिणाम तपासायचा.

इथे तुम्ही हात वर करायला हवा: "पण राजकीय वजन असलेली राज्यं धार्मिकदृष्ट्याही वेगळी असली तर?" शंका रास्त आहे. ती पूर्णपणे मिटवता येत नाही, कारण इन्स्ट्रुमेंटची ही अट आकड्यांनी सिद्ध होत नाही, ती पटवून द्यावी लागते. म्हणून त्यांनी दुसरं इन्स्ट्रुमेंटही वापरलं: राज्यांच्या मदतखर्चावर असलेली संस्थात्मक बंधनं. दोन्ही वाटांनी उत्तर एकाच दिशेचं आलं, सरकारी खर्च वाढला की चर्चचा धर्मादाय खर्च कमी झाला.

३० टक्के आणि ३ टक्के

आता निकाल नीट वाचा. न्यू डीलमुळे चर्चचा धर्मादाय खर्च सुमारे ३० टक्क्यांनी घटला, आणि १९३३ ते १९३९ मधली जवळजवळ सगळी घट सरकारी मदतीनेच स्पष्ट होते, असा त्यांचा अंदाज आहे. एवढंच वाचलं तर मथळा होतो, "सरकारने दानधर्म मारला."

पण त्याच निबंधात दुसरा आकडा आहे. ही घट न्यू डीलच्या एकूण खर्चाच्या फक्त ३ टक्के होती. म्हणजे सरकारने १०० डॉलर दिले तेव्हा चर्चने सुमारे ३ डॉलर कमी दिले. रांगेत उभ्या असलेल्या बेकार माणसाच्या बाजूने हिशेब केला तर त्याच्याकडे एकूण मदत कितीतरी जास्तच पोचली. आकडे दोन्ही बरोबर आहेत, फक्त छेद वेगळा आहे. एका छेदात चर्च आहे, दुसऱ्यात सरकारी खर्च. कोणता छेद पुढे करायचा, यावर कल्याणकारी योजनांच्या बाजूचे आणि विरोधातले लोक आजही भांडतात.

आणखी एक बारकावा. इथे मोजला आहे तो चर्चचा खर्च, सभासदांची उदारता नव्हे. सभासदांनी कमी दिलं म्हणून खर्च घटला, की चर्चने तोच पैसा दुसऱ्या कामाकडे वळवला, हे फक्त या घटीवरून सांगता येत नाही.

वहीत न येणारं दान

१९३३ मध्येच न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी 'कॅथलिक वर्कर' चळवळ सुरू केली. बेघरांना जेवण आणि आसरा देणारी घरं त्यातून उभी राहिली. तिथे वाढलेलं सूप कोणत्या पंथाच्या हिशेबात धरायचं? मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढत आल्या आहेत. तिथे चर्चने तांदूळ गोळा करून विकला, म्हणून तो हिशेबात आला. शेजारणीला दिलेला वाटीभर तांदूळ कधीच येत नाही.

खुद्द ख्रिस्ती परंपरेचं माप तर आणखी वेगळं आहे. शुभवर्तमानातली गरीब विधवा दोन क्षुल्लक नाणी टाकते आणि येशू तिचं दान सर्वांत मोठं ठरवतो, कारण श्रीमंतांनी उरलेल्यातून दिलं आणि तिने होतं नव्हतं ते. हे माप मागे किती शिल्लक राहिलं याचं आहे. चर्चच्या ताळेबंदात ते सापडणार नाही. त्यासाठी घराघरातल्या उत्पन्नाची, कर्जाची आणि दानाची माहिती एकत्र लागते.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर सामग्री महाराष्ट्रातही आहे. १८४२ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरला सुरू झालेलं 'ज्ञानोदय', मिशनचे वार्षिक अहवाल, आणि १८७६-७८ व १८९६-१९०० या दुष्काळांची वर्षं. अहवाल उघडलात की प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: कोणी दिलं, छेद काय, आणि त्याच वर्षी सरकारी दुष्काळी कामं कुठे चालू होती. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. पण कारणाबद्दल काही म्हणायचं असेल तर तो रिकामा ठेवून चालणार नाही.